पाचपैकी चार वेळा

बत्तीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना ‘रसग्रहण करा’ हा प्रश्न सोडवायला शिकवला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन कप्पे, आणि प्रत्येकात चार-चार वाक्यं भरली की गुण पदरात. निवृत्त होऊन लेकीकडे शिकागोला आले तेव्हा वाटलं, सुटले या कप्प्यांतून. पण डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका डोशाच्या हॉटेलात तो प्रश्न पुन्हा समोर आला. या खेपेला ओळी कवितेच्या नव्हत्या, सतरा पानांच्या एका सरकारी कागदातल्या होत्या.

शिकागोकर या रस्त्याला ‘डिव्हॉन’ म्हणतात, आपली माणसं ‘डेव्हन’. 155 नंबरची बस या रस्त्यावरून धावते, आणि वाटेत गांधी, जिना, गोल्डा मायर, शेख मुजीब अशा चौघांच्या नावांच्या मानाच्या पाट्या भेटतात. पटेल बंधूंनी 1974 साली इथे किराणा दुकान थाटलं, आणि आज त्या दुकानाच्या शाखा देशभर आहेत. मराठी घरं बहुतेक लांब, नेपरव्हिल-शॉमबर्गकडे. ती शनिवारी इथे येतात, पोहे-साबुदाणा घेतात आणि परततात. माझ्या लेकीची एक मैत्रीण मात्र डेव्हनपासून दोन गल्ल्यांवरच राहते. तिचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. एका शनिवारी डोसा यायच्या आत तिने पिशवीतून कागद काढले. “मावशी, इंग्रजी येतं मला. पण हे वाचून होतं आणि हाती काही लागत नाही. तुम्ही कविता शिकवायचात ना? मग हे शिकवा.”

कागदाचं नाव आयईपी. मराठीत ‘वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम’, पण तसं म्हणणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. पुण्यातल्या विशेष शिक्षिकाही आयईपीच म्हणतात. अपंगत्वामुळे ज्या मुलाला वेगळ्या प्रकारे शिकवावं लागतं, अशा प्रत्येक मुलाच्या नावाने अमेरिकेतल्या सरकारी शाळेला हा आराखडा दर वर्षी बसून लिहावा लागतो. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 29 नोव्हेंबर 1975 रोजी सही केलेल्या कायद्याने तो बंधनकारक केला. देशातली 10 लाख अपंग मुलं सरकारी शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी कबुली त्या कायद्याच्या सुरुवातीलाच आहे. एवढ्या मोठ्या आकड्यावर सरकारला सुचलेला उपाय मात्र एकेका मुलाचा. प्रत्येकासाठी स्वतंत्र कागद, आणि त्यावर त्याच्या एकट्याचं नाव.

मैत्रिणीच्या परवानगीने त्या कागदातलं थोडं इथे उलगडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कागद इंग्रजीत आहे, मराठी माझं.

आधी क्रम पाहू. पहिली येतात मुलाची बलस्थानं, मग आई-वडिलांच्या काळज्या, मग चाचण्यांचे निष्कर्ष आणि शेवटी गरजा. आराखडा लिहिणाऱ्यांनी काय काय विचारात घ्यायचं, ते नियमांत याच क्रमाने आलं आहे. आपल्याकडे बोलणं दवाखान्याच्या फाइलवरून सुरू होतं: काय येत नाही, किती टक्के, कोणत्या वर्षापासून. इथे पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे की हा मुलगा खेळण्यातल्या गाड्या बसच्या मार्ग क्रमांकाप्रमाणे ओळीत लावतो, आणि खिडकीतून 155 दिसली की त्या क्रमांकाची गाडी उचलून दाखवतो. दोन पानांनंतर चाचणीचा निष्कर्ष येतो: ‘पाच दाखव’ म्हटल्यावर त्याने पाचाचा आकडा दाखवला नाही. आता वाचणाऱ्याच्या मनात 155 आधीच उभा आहे. दोन पाच एका ओळीत ओळखणाऱ्या मुलाला एक पाच दाखवता येत नाही? मग शंका मुलाकडे न जाता प्रश्न विचारण्याच्या रीतीकडे वळते. निष्कर्षातला एक शब्दही न बदलता, नुसत्या आधीच्या परिच्छेदाने त्याचा अर्थ बदलला. कवितेत पहिलं कडवं दुसऱ्याचा रंग ठरवतं, असं मी फळ्यावर कैकदा लिहिलं होतं. त्याचं इतकं चोख उदाहरण मला क्रमिक पुस्तकात मिळालं नव्हतं.

दुसरी जागा आई-वडिलांच्या काळजीची. या मुलाचा आदल्या वर्षीचा, दुसऱ्या एका शाळेतला कागदही आईने जपून ठेवला होता. त्यात या रकान्यात एवढंच होतं: ‘संवादाबाबत पालकांना चिंता वाटते.’ त्याच कागदात पुढे दोन ठिकाणी मुलाचा उल्लेख ‘ती’ असा होता. कुठल्याशा मुलीच्या आराखड्यातली वाक्यं उचलून चिकटवलेली, आणि सर्वनाम तेवढं बदलायचं राहिलेलं. नव्या शिक्षिकेने आईचं बोलणं अवतरणचिन्हांत जसंच्या तसं ठेवलं आहे: “त्याला काय हवंय ते आम्हाला कळत नाही. मग तो रडतो. मग मी रडते.” तीन छोटी वाक्यं, तीन कर्ते. शिक्षिकेला त्यांचं सहज एक सभ्य वाक्य करता आलं असतं, पण तिने केलं नाही. सरकारी कागदावर ‘मी रडते’ हे तसंच राहू देणं ही मला फार वरच्या दर्जाची संपादनकला वाटते.

आता पात्रयादी. हा आराखडा लिहायला कोणी बसायचं, त्याची यादी नियमांत आहे, आणि तिच्यात पहिलं नाव आई-वडिलांचं आहे. त्यांच्यानंतर नेहमीच्या वर्गाची शिक्षिका, विशेष शिक्षिका, शाळेच्या वतीने शब्द देऊ शकेल असा अधिकारी आणि चाचण्यांचा अर्थ सांगणारा जाणकार. सहावी जागा मोठी गमतीची आहे. मुलाबद्दल ज्यांना विशेष माहिती किंवा जाण आहे, अशा कुणालाही आई-वडील बोलावू शकतात, आणि त्या माणसाला ती जाण आहे की नाही हे ठरवायचा अधिकार बोलावणाऱ्याचाच. म्हणजे आजीची पदवी कोणी विचारायची नाही. सभेला फोनवरून किंवा व्हिडिओवरून बसायचीही मुभा आहे. म्हणून शिकागोच्या सकाळी नऊच्या सभेत सांगलीहून आजी संध्याकाळी साडेसातला, देवापाशी दिवा लावून, फोनच्या पडद्यावर बसल्या होत्या. त्या आदल्या उन्हाळ्यात सहा महिने इथे राहून गेल्या होत्या. “तो मागत नाही असं कसं म्हणता?” त्या म्हणाल्या. “पदर ओढतो की! भूक लागली की एकदा, आणि बाहेर जायचं असलं की दोनदा.” टेबलावरची सगळी पेनं थांबली. सुनेने भाषांतर केलं, आणि कागदावर वाक्य आलं: ‘हवी ती गोष्ट मागण्यासाठी मोठ्या माणसाचं वस्त्र ओढतो.’ शाळेत कोणी पदर घेत नाही, म्हणून हे मागणं शाळेत कोणाला दिसलं नव्हतं. यादीतली सहावी जागा ज्याने कोणी मोकळी ठेवली, त्याच्या घरात नक्की एक आजी असणार.

पुढचा भाग ‘सध्याची पातळी’, म्हणजे मूल आज कुठे उभं आहे. या भागात कागदाच्या भाषेचा मूळ स्वभाव कळतो. जुन्या आराखड्यात तीन शब्द होते: चंचल, हट्टी, एकलकोंडा. तिन्ही विशेषणं. नव्यात लिहिलं आहे: ‘गोष्ट ऐकताना गालिच्यावर सरासरी चार मिनिटं बसतो. छताचा पंखा सुरू असेल तर पंख्याकडे पाहतो. गोष्टीतलं एक चित्र हातात दिलं तर नऊ मिनिटं बसतो.’ बसतो, पाहतो, बसतो: सगळी क्रियापदं. विशेषण मुलाला चिकटलं की सुटत नाही. ‘हट्टी’चं उद्या काय करायचं, हे कोणाला सांगता येणार? ‘चार मिनिटं बसतो’चं मात्र पाच मिनिटं करता येतं, पंखा बंद करता येतो, चित्र हातात देता येतं. चार आणि नऊ या आकड्यांच्या मध्ये एक चित्र आहे, आणि उपाय तिथेच लपलेला आहे. तो वेगळा सांगायचीही गरज शिक्षिकेला वाटलेली नाही. घड्याळ लावून मुलाकडे पाहत बसलेल्या कुणाचं तरी प्रेम या तीन कोरड्या वाक्यांत आहे, आणि प्रेम हा शब्द सतरा पानांत कुठेही नाही.

आणि आता या रचनेचा गाभा, वार्षिक उद्दिष्ट. आदल्या वर्षीचं उद्दिष्ट होतं: ‘तो 80 टक्के अचूकतेने संवादकौशल्य सुधारेल.’ ऐकायला भारदस्त, पण कशाचे 80 टक्के? नव्या कागदावरचं उद्दिष्ट असं:

डब्याच्या वेळी, समोर दोन वस्तू ठेवलेल्या असताना, कोणी न सुचवता, चित्र देऊन, खुणेने किंवा शब्दाने तो हवी ती वस्तू मागेल. पाचपैकी चार वेळा, सलग तीन आठवडे, दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांकडे.

वर्गात मी या वाक्यावर एक पूर्ण तास घेतला असता. ‘डब्याच्या वेळी’ने सुरुवात. मागणं शिकवायचं तर भूक असताना शिकवावं, हे शहाणपण वाक्याच्या पहिल्याच दोन शब्दांत बसलं आहे. वेगळ्या खोलीत पत्ते दाखवून ‘सफरचंद कुठलं?’ विचारणं आणि डब्यापाशी सफरचंद मागणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. ‘दोन वस्तू’ का? एक ठेवली तर निवड नाही, आणि पाच ठेवल्या तर गोंधळ. दोन ठेवल्या की एकीला हो म्हणताना दुसरी आपोआप नाकारली जाते. मागणं आणि नाकारणं हे एकाच घासात शिकवणारं हे दोनाचं माप अगदी नेमकं आहे.

‘कोणी न सुचवता’ या तीन शब्दांत वर्षभराची मेहनत आहे. त्यांच्या पोटात कागदावर तीन पायऱ्या दिल्या आहेत: पहिल्या टप्प्यात हाताला हलका आधार द्यायचा, दुसऱ्यात नुसतं बोट दाखवायचं, तिसऱ्यात पाच सेकंद काहीही न करता मुलाकडे पाहत थांबायचं. 2004 च्या दुरुस्तीत केंद्रीय कायद्याने बहुतेक मुलांच्या आराखड्यांतून अशा मधल्या पायऱ्यांची सक्ती काढून टाकली, पण इलिनॉय राज्याने आपल्या नियमांत त्या ठेवल्या. ठेवल्या ते बरं झालं, कारण तिसरी पायरी वाचून मी स्वतःशीच ओशाळले. बत्तीस वर्षांत वर्गात प्रश्न विचारून मी पाच सेकंद थांबल्याचं मला आठवत नाही. दोन सेकंदांत कोणी बोललं नाही की उत्तर मीच द्यायची. थांबणं ही शिकवण्याची एक क्रिया आहे, आणि ती सेकंदांत मोजून कागदावर लिहिता येते, हे मला डेव्हनवर सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं.

‘चित्र देऊन, खुणेने किंवा शब्दाने’. यातला ‘किंवा’ वाचताना डोळ्यांखालून सहज निसटतो. चित्र हातात देऊन मागायची रीत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 च्या सुमारास डेलावेअरमध्ये बसवली, आणि आता ती जगभर वापरली जाते. या मुलाची चित्रं तळहाताएवढी, प्लॅस्टिकमध्ये मढवलेली, मागे वेल्क्रोची पट्टी, सगळी एका कडीत ओवलेली. पाणी, केळं, शौचालय, ‘पुरे’, बस. आईने स्वतःहून त्यात एक पोळीचं चित्र घातलं आहे. ‘किंवा’मुळे चित्र, खूण आणि शब्द एका पंगतीला बसतात. शब्द वरच्या पाटावर आणि चित्र उंबऱ्याबाहेर, असं होत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाचं मागणंही पूर्ण मागणंच धरायचं, हा मोठा विचार एका उभयान्वयी अव्ययावर तोलून धरला आहे.

त्याच ओळीतल्या ‘शब्दाने’कडे आणखी जरा थांबावं लागतं. आदल्या वर्षी कुणीतरी मुलाच्या आईला सांगितलं होतं की घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी मूल गोंधळतं. तिने ऐकलं. अकरा महिने ती पोटच्या पोराशी परक्या भाषेत बोलत राहिली. “मावशी, मी त्याला झोपवताना गप्प बसायचे,” ती म्हणाली. “इंग्रजीत अंगाई कुठे येते मला?” दुसऱ्या भाषेमुळे स्वमग्न मुलांच्या बोलण्याला उशीर होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या घरच्या भाषेत आणि त्याला साधेल त्या माध्यमातून करावी, असं नियमच सांगतात. नव्या आराखड्यात म्हणूनच एक छोटी यादी जोडली आहे. रोमन लिपीत लिहिलेले तीन मराठी शब्द, पुढे उच्चार आणि अर्थ: पाणी, अजून, नको. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे तीन शब्द ओळखता आले पाहिजेत. मराठी शिकवण्यात हयात गेली माझी, पण शिकागोच्या एका शाळेला ‘अजून’ शिकायला लावणारा अभ्यासक्रम मला कधी आखता आला नाही.

मग तो आकडा, ‘पाचपैकी चार वेळा’. 80 टक्के म्हटलं असतं तरी गणित तेच, पण वाचताना सगळं बदलतं. टक्के यंत्रालाही लावतात. पाच वेळा मागितलं म्हणजे पाच डबे, पाच दुपारी, आठवड्याच्या पाच दिवसांचे पाच प्रसंग. आणि पाचातलं एक सोडलेलं आहे. त्या दिवशी मूल थकलेलं असेल, रुसलेलं असेल, किंवा त्याला त्या दोन वस्तूंपैकी काहीच नको असेल. पाचपैकी पाच लिहिलं असतं तर माणूसपणाला जागा उरली नसती. पुढचं ‘दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांकडे’ही तितकंच मोलाचं. एकाच मावशींपाशी मागता येणं ही सवय झाली, कुणाहीपाशी मागता येणं हे बोलणं झालं. उद्दिष्टाच्या शेवटी पूर्णविराम दिल्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकेने चहाचा घोट घेतला असावा. मी असते तर घेतला असता.

पुढे मिनिटांचा तक्ता येतो. वाचणारे बहुतेक इथे पान उलटतात. स्पीच थेरपी आठवड्याला 60 मिनिटं, त्यांतली 30 वर्गात आणि 30 वेगळ्या खोलीत. ऑक्युपेशनल थेरपी आठवड्याला 30. सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख. मैत्रिणीला यात रुक्षपणा दिसला. मी तिला आदल्या वर्षीचा तक्ता उघडायला लावला. तिथे एका रकान्यात लिहिलं होतं: ‘आवश्यकतेनुसार.’ आवश्यकता कोणाची, आणि ठरवायची कोणी? भाषेतले असे गुळगुळीत शब्द कवितेत खपतात, पण इथे त्यांच्यातून पोराचे तास गळून जातात. नव्या तक्त्यात ‘अधूनमधून’, ‘शक्य तेवढं’, ‘गरजेप्रमाणे’ यांपैकी एकही नाही. शब्दाला मिनिटांचं माप लावलं की तो पाळला गेला की नाही, हे आईला घड्याळावर पाहता येतं. रुक्षपणात एवढी माया असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मिनिटांच्या खालच्या रकान्याची रचना फारच चतुर आहे. तिथे विचारलं आहे: हे मूल इतर मुलांबरोबर किती वेळ नसेल, आणि का? एरवी आपण उलटं विचारतो: ‘याला सगळ्यांबरोबर का बसवायचं?’ मग आई-वडील हात जोडून कारणं देत राहतात. नियमाने तो प्रश्न उलटा फिरवला. सगळ्यांबरोबर बसणं हे गृहीत, आणि वेगळं काढायचं असेल तर कारण शाळेने लिहायचं. वर्गात लागेल ती मदत देऊनही जमत नसेल तरच वेगळी खोली. वाक्यात ‘नसेल’ हा एक नकार योग्य जागी बसवला, आणि सगळं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. व्याकरणाने न्याय कसा करता येतो, हे दाखवायला मी यापुढे हेच उदाहरण देईन.

या मजकुराची कसोटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही लागली आहे. 1982 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एमी रावली या ऐकू न येणाऱ्या मुलीच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की मुलाला शिक्षणाचा काही लाभ होत असेल तर पुरे, त्याचं सर्वोत्तम करणं शाळेवर बंधनकारक नाही. पुढे कोलोरॅडोमधल्या एका स्वमग्न मुलाच्या आई-वडिलांच्या लक्षात आलं की दर वर्षीच्या आराखड्यात जवळजवळ तीच ती उद्दिष्टं येताहेत. त्यांनी त्याला शाळेतून काढलं आणि खटला भरला. ‘एंड्रू एफ.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल 22 मार्च 2017 रोजी एकमताने लागला: नावापुरता लाभ पुरेसा नाही, मुलाची परिस्थिती पाहता योग्य अशी प्रगती त्याला करता यावी, अशा बेताने आराखडा आखलेला हवा. गेल्या वर्षीचं वाक्य यंदा पुन्हा उतरवणं हा लेखनातला आळस. त्या आळसाची तक्रार देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ऐकून घेतली, याचा मराठीच्या मास्तरणीला आनंद झाला नाही तर नवल.

वाचकाचाही या रचनेत विचार आहे. इलिनॉयमध्ये सभेच्या निदान तीन शालेय दिवस आधी मसुदा आई-वडिलांच्या हातात पडलाच पाहिजे, आणि त्यांना इंग्रजी कळत नसेल तर दुभाष्याची सोय शाळेने करायची. ते तीन दिवस म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरून पुन्हा वाचायचे, रेघा मारायचे, सांगलीला फोन करायचे दिवस. शिकागोत 1969 साली सुरू झालेली फॅमिली रिसोर्स सेंटर ऑन डिसॅबिलिटीज ही संस्था आई-वडिलांना असे कागद वाचायला शिकवते. म्हणजे रसग्रहणाचे वर्ग डेव्हनच्या हॉटेलात मी सुरू केले, या भ्रमात राहायचं कारण नाही.

आपल्याकडे ही कला नाही असं मुळीच नाही. मुंबईची जय वकील 1944 ची, पुण्याची कामायनी 1964 ची, आणि महाराष्ट्रातल्या विशेष शाळांतही शिक्षिका आयईपी लिहितात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वैयक्तिक गरजेनुसार आधार द्यावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. फरक आहे तो वाचकाचा. तिथे हा कागद बहुधा शाळेच्या कपाटात राहतो. आईला तो मागावासा वाटत नाही, कारण तो आपण वाचायचा असतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि इथलाही कागद म्हणजे पूर्ण झालेलं काम नाही. 60 मिनिटं लिहिली तरी थेरपिस्टची जागा रिकामी असली की ती हवेत राहतात. साडेचौदाव्या वर्षापासून इलिनॉयमध्ये मोठेपणीचं नियोजन आराखड्यात यावं लागतं, पण बाविशीनंतर शाळेचं दार बंद होतं आणि मोठ्यांच्या सेवांसाठी ‘पन्स’ नावाच्या राज्याच्या यादीत ताटकळावं लागतं. मैत्रिणीने पोराचं नाव आताच त्या यादीत घातलं आहे. सुंदर बंदिशीलाही गाणारा गळा लागतो.

आमचं वाचन संपलं तेव्हा डोसा गार झाला होता. बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात शिरलो. शनिवारची गर्दी, मागे लांब रांग. बाबांबरोबर बाहेर थांबलेला तिचा मुलगा आत आला आणि तिच्या जॅकेटची बाही त्याने एकदा ओढली. एकदा, म्हणजे भूक. तिने काउंटरवरून एका हातात पेढा घेतला, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची चिक्की, आणि खाली वाकून दोन्ही त्याच्यासमोर धरली. काही बोलली नाही. मी मनात मोजू लागले: एक, दोन, तीन. मागच्या बाईंनी घसा खाकरला. चार. काउंटरवरचा माणूस “दोनों दे दो ना, भाभी” म्हणाला. पाच.

मुलाने पेढ्याकडे पाहिलं, चिक्कीकडे पाहिलं आणि तोंड फिरवून स्वच्छ सांगितलं, “नको.”

तिने दोन्ही परत ठेवली आणि माझ्याकडे पाहून हसली. “मावशी, ही पाचातली पाचवी.”

रांग पुढे सरकली. दारातून 155 जाताना दिसली, आणि त्याने कडीतलं बसचं चित्र काढून आईच्या हातात दिलं.